वस्तीतला अभ्यासवर्ग टिकतो कशावर

प्रश्न असा आहे. मुंबईत भायखळ्याच्या बाजूला एका जुन्या वस्तीत मित्रमंडळातल्या तरुणांनी शाळेनंतरचा मोफत अभ्यासवर्ग सुरू केला. वेळ संध्याकाळी सहा ते आठ. मंडळाची खोली आहे, फळा आहे, शिकवायला कॉलेजात जाणारी चार-पाच मुलं-मुली आहेत. सुरुवातीला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दोन-अडीच महिन्यांत दहा-बारा मुलं उरली. पालकांची बैठक बोलावली तर तीन आया आल्या. मुलांना शिकायचंच नाही आणि आईवडिलांना त्याचं काही पडलेलं नाही असं समजायचं का, की शिकवण्यात काही कमी आहे, असं त्यांनी विचारलंय. शिवाय थोडी फी ठेवली तर पालक जास्त मनावर घेतील का, हेही.

मुलांना शिकायचं असतं आणि आईवडिलांना त्यांची काळजी असते, इथून सुरुवात करूया. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये असे वर्ग चालवण्यात आणि शिकवणाऱ्या नव्या ताई-दादांना तयार करण्यात माझं कामाचं सगळं आयुष्य गेलं. जे वर्ग मोडले ते बहुतेक वेळा एकाच कारणानं मोडले: वर्ग शाळेकडे बघून आखला होता, घराकडे बघून नाही. तुमच्या शिकवण्यात कमी असेलही, ती भरून काढता येते. आधी वेळ बघा.

महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात आणि अनेक इमारतींत सकाळ-दुपार अशा दोन पाळ्या असतात. म्हणजे एकाच गल्लीतली निम्मी मुलं दुपारी मोकळी होतात, निम्मी सकाळी मोकळी असतात आणि संध्याकाळी थकून येतात. दुपारी एक वाजता घरी आलेल्या पोराची आई धुणीभांड्यांच्या चौथ्या घरी असते, बाप नाक्यावर किंवा कारखान्यात. ते पोर सात वाजेपर्यंत गल्लीत असतं. त्याला जागा हवी असते दुपारी दोनला आणि तुमची खोली तेव्हा कुलूपबंद असते. संध्याकाळी सहाला उलटं होतं. आई परत आलेली असते, कुठे नळाला पाणी सुटायची वेळ असते, पीठ मळायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं. दहा वर्षांपुढच्या मुलीला त्या वेळी घरातून सोडणं म्हणजे आईनं एक हात कापून देणं. तुमच्या गळतीच्या यादीत मुली किती आणि मुलगे किती ते मोजून बघा, चित्र लगेच दिसेल.

म्हणून दोन आठवडे शिकवणं मागे ठेवून वही घेऊन घरोघरी जा. 'तुमच्या मुलाला शिकवायचंय का' असं विचारू नका, त्याला कुणीही हो म्हणतं. घरातलं कोण किती वाजता बाहेर पडतं आणि कधी येतं, पाणी कधी येतं, लहानग्याला कोण बघतं, मूल कोणत्या शाळेत आणि कोणत्या पाळीत आहे, घरात बसून काही काम चालतं का, हे विचारा. एका मोठ्या कागदावर तासांचे रकाने आखून प्रत्येक घराची ओळ भरा. कागद पूर्ण झाला की वर्ग कधी भरवायचा हा वाद मंडळात उरत नाही. बहुतेक वस्त्यांत दोन तुकड्या निघतात. एक सकाळी नऊ-साडेनऊची, दुपारच्या पाळीच्या मुलांसाठी. दुसरी दुपारी दोन ते साडेचार-पाच, सकाळच्या पाळीसाठी. संध्याकाळचा वेळ मोठ्या मुलांना द्या, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असं राज्य शासनानं २०२४ मध्ये सांगितल्यापासून काही शाळांच्या वेळा बदलल्या आहेत, तेव्हा दर जूनमध्ये हा कागद नव्यानं भरावा लागतो.

हा विचार काही आज सुचलेला नाही आणि तो तुमच्याच भागात रुजलेला आहे. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिच्या रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं गिरणी सुटल्यावर उघडी असत, कारण वाचणारा माणूस तेव्हा मोकळा होई. तुमच्या शेजारच्या नागपाड्यात अमेरिकन मराठी मिशननं १९२७ मध्ये नेबरहूड हाउस हे वस्तीकेंद्र उघडलं. ते चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्याच पुढाकारानं १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था सुरू झाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. भारतातल्या समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाचं मूळ शोधत गेलं तर ते नागपाड्याच्या एका वस्तीकेंद्रापाशी पोहोचतं, हे इथल्या मुलांना मी आवर्जून सांगते. पलीकडे कामाठीपुऱ्यात प्रेरणा संस्था १९८६ पासून काम करते. वेश्यावस्तीतल्या आयांच्या मुलांसाठी तिथे रात्रीचं संगोपन केंद्र सुरू झालं, संध्याकाळी उघडून सकाळपर्यंत चालणारं. आईचं काम रात्रीचं, म्हणून मुलाला सुरक्षित जागा रात्री हवी, इतका सरळ हिशोब. तुमच्या वस्तीत आयांचं काम दिवसाचं आहे, तर तुमचं उत्तर दुपारी आहे.

आता खोली. फळा आणि बाकं यांच्याआधी तीन गोष्टी बघा: पंखा, जवळ वापरण्याजोगं शौचालय आणि रस्त्यावरून आत दिसेल असं दार. शौचालय घाणेरडं असेल तर मोठ्या मुली कारण न सांगता यायच्या बंद होतात आणि आपण 'आवड नाही' असं लिहून मोकळे होतो. दार उघडं आणि आत नेहमी दोन मोठी माणसं, हा नियम पहिल्या दिवसापासून. एकट्या शिक्षकानं एकट्या मुलाला थांबवून घ्यायचं नाही, कितीही चांगल्या हेतूनं असो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, त्यानुसार अशी घटना कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'मंडळात बसून मिटवू' हा पर्याय कायद्यात नाही आणि तो कधीच मुलाच्या भल्याचा नसतो. १०९८ हा बालहेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. ती सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. मुलांना तो नंबर पाठ करून घ्या, पाढ्यांइतकाच.

शिकवायचं काय? तुमच्या वर्गात गृहपाठ करून घेतला जातो, असं गृहीत धरते, कारण बहुतेक ठिकाणी तेच होतं. गृहपाठ दिसतो, तो पुरा झाला की सगळ्यांना काही केल्यासारखं वाटतं. पण मूल तिथे अडलेलं नसतं. सहावीतला एक मुलगा आठवतो. वही इतकी सुरेख, की शाळेत बाई इतरांना दाखवायच्या. गाईडमधली उत्तरं मोत्यासारख्या अक्षरांत उतरवलेली. त्याच्यापुढे दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवली आणि वाच म्हटलं. तो पहिल्या ओळीवर बोट ठेवून गप्प झाला. मग 'वि... वि...' करत 'विहीर' म्हणाला, आणि पुढचा शब्द 'विहिरीवर' आल्यावर पुन्हा थांबला. ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा आणि जोडाक्षरं त्याच्यासाठी नुसती चित्रं होती. तो अक्षरं काढत होता, वाचत नव्हता. सहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वही पुरी होती.

म्हणून प्रत्येक मूल आलं की पहिल्या दिवशी वाचून घ्या. त्यासाठी असरची पद्धत सोपी आहे. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून उभी राहिली, आणि २००५ पासून तिच्या पुढाकारानं ग्रामीण भागात घरोघरी असर पाहणी होते. तिचं साधन एका कागदावर मावतं: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, साधा भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतात. हे करताना बाजूला दुसरी मुलं उभी राहू देऊ नका, मोठ्या मुलाची लाज राखणं शिकवण्याइतकंच महत्त्वाचं असतं. मग गट करा ते इयत्तेप्रमाणे नको, वाचनाच्या पातळीप्रमाणे. तिसरीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा 'शब्द' गटात एकत्र बसतील. सहावीतल्याला ते खुपतं, तेव्हा त्याच्यावर गटाची जबाबदारी टाका, तक्ते लावणं, गोष्टीची पुस्तकं वाटणं. रोज तासभर नेमानं काम झालं तर शब्दांवर अडलेलं मूल काही महिन्यांत उतारा वाचू लागतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि त्यानंतर गृहपाठाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

भाषेचा पेच तुमच्या भागात जास्त असेल. घरी भोजपुरी किंवा दखनी, गल्लीत बंबइया हिंदी, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, कारण बापानं कर्ज काढून तिथे घातलंय. त्या बापाला चुकीचा ठरवू नका. इंग्रजी येणाऱ्याला कुठे खुर्ची मिळते आणि न येणाऱ्याला कुठे उभं करतात, हे त्यानं रोज बघितलेलं असतं. पण तुमच्या खोलीत मुलाला तो बोलतो त्या भाषेत आधी वाचू द्या. हिंदी बोलणारं मूल देवनागरी वाचू लागलं की मराठीही हाताशी येते. एका भाषेत वाचलेल्याचा अर्थ लागतो हे कळलं की इंग्रजीत तो अर्थ शोधायला लागतो. ज्याला कुठल्याच भाषेत अर्थ लागलेला नाही, त्याला इंग्रजीचं स्पेलिंग म्हणजे घोकायचं ओझं. रोज पंधरा मिनिटं ताईनं मोठ्यानं गोष्ट वाचायची, हे कधीही चुकवू नका. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांतही ते चालतं.

गणितात पैसे वापरा. वस्तीतलं मूल दुकानातून सुटे पैसे मोजून आणतं, पन्नासच्या नोटेतून सदतीस वजा करतं, आणि वहीत हातच्याची वजाबाकी चुकतं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि खोट्या नोटा एवढ्या साहित्यावर वर्षभर निघतं.

गृहपाठ शेवटच्या अर्ध्या तासात. आणि खेळ रोज. खेळ हे बक्षीस म्हणून देऊ नका, तो वेळापत्रकाचाच भाग. ज्या मुलाला घरात पाय पसरायला जागा नाही त्याच्यासाठी कॅरमबोर्ड आणि लंगडी ही चैन नव्हे.

मुलींचा प्रश्न यातच येतो. काखेत भाऊ घेऊन आलेल्या मुलीला 'त्याला घरी ठेवून ये' म्हणालात तर दुसऱ्या दिवशी दोघंही येणार नाहीत. कोपऱ्यात एक चटई, चार खेळणी आणि गल्लीतली एक आजी, एवढ्यावर बालवाडीचा कोपरा सुरू होतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला हेच केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा त्यांनी पाड्यावर, अंगणात शाळा नेली, त्यातून अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जे ओझं वाहतंय त्या ओझ्यासकट त्याला आत घ्यायचं, ही आपल्या मराठी मातीतली शिक्षणाची मोठी देणगी आहे आणि शहरातल्या वस्तीत ती जशीच्या तशी लागू पडते.

ओझं म्हणजे घरकामही. इमिटेशन दागिन्यांना मणी चिकटवणं, गजरे, लसूण सोलणं, कपड्यांचे धागे कापणं. डझनावर किंवा किलोवर पैसे मिळतात आणि सगळं घर बसतं. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तिनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी केली, पण घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मदत करायला मोकळीक ठेवली. म्हणजे कायद्यानं ज्या तासांना मोकळीक दिली ते नेमके आपल्या वर्गाचे तास. आईशी भांडून हे सुटत नाही. मुलगी बसली नाही तर दिवसाचे किती रुपये कमी होतात हे आईला नीट विचारा, हिशोब समजून घ्या, आणि मग दोन तास मागा. सगळा वेळ मागितला तर नाही म्हणेल. दोन तास बहुतेक आया देतात, आणि एकदा मुलीनं घरात आलेलं वीजबिल वाचून दाखवलं की तिसरा तास मागावा लागत नाही.

पालकांच्या बैठकीबद्दल. रविवारी सकाळी अकराला मंडळाच्या खोलीत बैठक म्हणजे आईनं आठवड्याचे कपडे, पाणी आणि रेशन सोडून यायचं आणि तिथे काय ऐकायचं? मुलगा लक्ष देत नाही, तुम्ही घरी अभ्यास घ्या. ती स्वतः चौथीत शाळा सोडलेली असते. असं ऐकायला कुणी का यावं? तुम्हीच जा. उंबऱ्यावर बसा, चहा दिला तर घ्या. पहिलं वाक्य त्या मुलाबद्दलचं चांगलं आणि खरं असू द्या, 'हुशार आहे' असं गुळमुळीत नको. 'काल त्यानं पूर्ण गोष्ट एकट्यानं वाचली आणि शेवट बदलून सांगितला' असं ठोस. बापाशी बोलायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर, जेवण झाल्यावर. आणि मूल दोन दिवस दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात गेलंच पाहिजे. एवढ्या एका सवयीनं जितकी गळती थांबते तितकी कुठल्याही रंगीत तक्त्यानं थांबत नाही.

पालकांना खोलीत आणणारी एक गोष्ट मात्र नक्की आहे, ती म्हणजे कागदपत्रं. आठवड्यातला एक दिवस कागदांसाठी ठेवा. माझ्यासमोर एकदा एका आईनं प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढून मांडले. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव 'शबनम', आधारवर 'शबनमबानो', शाळेच्या रजिस्टरला 'शबनब', आणि वडिलांचं आडनाव एकाच ठिकाणी. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर अडला होता. शाळेतून आधार केंद्रावर, तिथून वॉर्ड ऑफिसला, तिथून पुन्हा शाळेत, असं करत त्या बाईची मजुरी बुडत होती. हे काम आपण केलं, म्हणजे कोणता कागद आधी दुरुस्त करायचा ते ठरवलं, अर्ज लिहून दिला, सोबत एक तरुण पाठवला, तर ते घर कायमचं आपलं होतं. एक सांगते: शाळेचं रजिस्टर लवकर दुरुस्त करून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव छापून येतं ते बदलणं फार जड जातं.

यासाठी तुमच्या ताई-दादांना काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येच आलं तरी नाही. शाळा बदलताना जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तर त्या कारणानंही अडवता येत नाही. गावाहून परतलेल्या, पाडकामात घर गेलेल्या कुटुंबांना हे लागतंच. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि वेगळं प्रशिक्षण द्यायचं, हीही त्यात तरतूद आहे. तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला अशी शाळा व्यवस्थापन समिती हवी. तुमच्या वस्तीतल्या दोन आया त्या समितीत गेल्या आणि त्यांना बोलायचा धीर आला, तर शाळेतलं पाणी, शौचालय आणि शिक्षकाची गैरहजेरी यांवर तुमच्यापेक्षा त्या जास्त काही करून घेतील.

योजनांपैकी दोन विसरू नका. वडील वारलेले किंवा एकट्या आईवर घर असेल तर महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना, तिच्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. आणि आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा: सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालिका शाळांतल्या अनेक मुलांना ही परीक्षा असते हेच उशिरा कळतं. सातवीपासूनच तयारी करून घ्या. पाचवी आणि आठवीला राज्यानं २०२३ मध्ये वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे, पुरवणी परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. तेव्हा चौथी आणि सातवीतल्या कच्च्या मुलांकडे आधी बघा.

मोठी मुलं, म्हणजे आठवी ते दहावी, ही वेगळी जात आहे. मुलगे या वयात जरीकामाच्या कारखान्यात, डिलिव्हरीच्या कामात, मामाच्या टपरीवर सरकतात. मुलींच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. त्यांना शिकवणीपेक्षा बसायला जागा हवी असते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि चालू टीव्ही, तिथे भूमिती होत नाही. तुमची संध्याकाळची वेळ त्यांना द्या आणि रात्री दहापर्यंत खोली उघडी ठेवा. शांतता, ट्यूबलाइट, मोबाइल चार्ज करायला एक बोर्ड, गणिताचं अडलं तर विचारायला एक माणूस. मुली आठनंतर थांबणार असतील तर त्यांना घरापर्यंत सोडायची व्यवस्था आधी ठरवा, आयांना ती सांगा. ज्यानं शाळा सोडलीच आहे त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. तो मार्ग दाखवा, पण शाळेत टिकवणं शक्य असेल तोवर सोडू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल मी थोडी कठोर आहे. कॉलेजातली मुलं मनापासून येतात, मुलांना त्यांचा लळा लागतो, आणि सेमिस्टर परीक्षा आली की ती जातात. ज्या मुलांच्या आयुष्यात माणसं आधीच ये-जा करतात, त्यांच्यासाठी हे बरं नाही. वर्गाची जबाबदारी वस्तीतल्याच एका बाईवर टाका, बारावी झालेली असेल तर उत्तम, दहावी असली तरी चालेल, आणि तिला महिन्याचं मानधन द्या. फुकट काम करणाऱ्या ताईला घरातून 'आज नको जाऊ' म्हटलं की ती थांबते. पगारी ताईला घरही निघू देतं. तिला गल्लीतली भांडणं, कर्जं, दारू, कुणाची आई दवाखान्यात आहे, सगळं न विचारता ठाऊक असतं. मूल गुमसुम का बसलंय हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. कॉलेजातल्यांना तिच्या हाताखाली ठेवा, दर शनिवारी गोष्ट, चित्र, विज्ञानाचे प्रयोग, मोठ्यांचं इंग्रजी असं नेमकं काम द्या. एका ताईमागे पंचवीस मुलं पुरेत. चाळीस केलीत तर पुन्हा गृहपाठावर याल, कारण तेवढंच शक्य होतं.

मंडळाचे पैसे आधी तिच्या मानधनावर खर्च करा. मग पुस्तकं. दप्तरवाटप आणि त्याचे फोटो सगळ्यात शेवटी. देणगीदाराला दप्तर आवडतं, त्याला समजावून सांगायची जबाबदारी तुमची. नगरसेवकाकडून पंखे, पुस्तकांचं कपाट जरूर घ्या, पण खोलीच्या दारावर कुणाचा बोर्ड नको. निवडणूक आली की बोर्डापायी अर्धी गल्ली पाय ठेवत नाही.

जुन्या वस्तीत पुनर्विकासाचं सावट असतंच. एखाद्या दिवशी निम्मी कुटुंबं संक्रमण शिबिरात किंवा पुनर्वसन वसाहतीत जातात, कुणी मानखुर्दला, कुणी माहुलला. तेव्हा वर्गाचं पहिलं काम शाळेचे दाखले आणि नवे प्रवेश. यादी तयार ठेवा, फोन नंबर ठेवा. मेमध्ये वस्ती गावी गेली तरी उरलेल्या मुलांसाठी पुस्तकांचं कपाट उघडं ठेवा. त्या महिन्यात शाळा नाही, शाळेतलं जेवण नाही, आणि जी मुलं गावी जाऊ शकत नाहीत ती बहुधा सगळ्यात अडचणीतल्या घरांतली असतात.

फीचं विचारलंत. ठेवू नका. पैसे दिले की किंमत कळते हे म्हणणं दुकानात खरं असेल. इथे फीमुळे पहिलं बाहेर पडतं ते तिसरं मूल, त्यातही मुलगी. बापाला एकाचे पैसे परवडतात आणि तो मुलाचे भरतो. काही द्यावंसं वाटणाऱ्या आईला दुसरं काम आहे. कुणी आळीपाळीनं खोली झाडेल, कुणी बालवाडीच्या कोपऱ्यात दुपारचा तास बसेल, कुणी सहलीला सोबत येईल. बैठकीला आलेल्या त्या तीन आया याच आठवड्यात गाठा आणि तासांच्या रकान्यांचा तो कागद त्यांच्या मदतीनं भरायला घ्या. कोणत्या दारात कधी जायचं, हे तुमच्या मंडळापेक्षा त्यांना जास्त चांगलं ठाऊक आहे.